ज्याची त्याची चाळिशी

संध्याकाळची वेळ. ओटीवर गोधडी पसरलेली. आजीने सुई हातात घेतली, दोऱ्याचे टोक ओले केले, हात लांब नेला, जवळ आणला, एक डोळा मिटून पाहिला. पण दोरा काही नेढ्यातून जाईना. शेवटी तिने हाक मारली, "अरे बाळा, जरा सुई ओवून दे रे!"

वाचकहो, ही हाक तुमच्याही घरात ऐकू येते ना? आणि ती ऐकून आपण काय म्हणतो? "वय झालं आता. डोळे गेले." एवढे बोलून आपण आपल्या कामाला लागतो. सुई ओवून देतो, तांदूळ निवडायचे सूप तिच्या हातातून काढून घेतो आणि आपण मोठी दया केली असे समजतो. पण डोळे गेलेले नसतात. गेलेली असते ती फक्त जवळचे पाहण्याची लवचिकता, आणि तिच्यावर उपाय आहे. तो चांगला सातशे वर्षांहून जुना आहे. त्या उपायाची आणि तो हाताने घडवणाऱ्या कारागिराची ही गोष्ट आहे.

आत्याचा चष्मा

भिवंडी तालुक्यात पूर्णा नावाचे गाव आहे. ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडली की काल्हेर, कोपर, पूर्णा, राहनाळ अशी गावे लागतात आणि पुढे अंजूरफाटा येतो. एके काळी रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे होती. मुंबईच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवला की जकात भरायला सवड मिळे, म्हणून व्यापाऱ्यांनी इथे गोदामे बांधली. २०१७ मध्ये जकात गेली, गोदामे मात्र राहिली आणि वाढली. आता खाचरे थोडी, गोदामे फार.

आमची आत्या याच गावची. थोडीफार भातशेती उरली आहे, तिचा तांदूळ घरात येतो. तो निवडायचे काम वर्षानुवर्षे आत्याचे. मामा वारल्यावर त्यांचा चष्मा तिने पेटीतून काढला आणि वापरायला सुरुवात केली. एक काडी सैल झाली तेव्हा दोऱ्याने बांधली. चष्मा नाकावरून घसरे, डोके दुखे, तरी ती म्हणे, "त्यांचा हाय, चालतंय." एके दिवशी भातात खडा लागला, दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला. सुनेने गोड शब्दांतच सूप काढून घेतले. "आता तुम्ही बसा, मी निवडते." आत्या बसली ती बसलीच. बोलणे कमी झाले. भेटायला गेलो तर एवढेच म्हणाली, "आता माजे डोले गेले रं बाबा."

आम्ही तिला भिवंडीच्या सरकारी रुग्णालयात नेले. तिथे डोळे तपासले. मोतीबिंदू नव्हता. डाव्या डोळ्याचा जवळचा नंबर दीड, उजव्याचा सव्वादोन. मामांच्या चष्म्याचे नंबर निराळेच होते, शिवाय एका काचेत तिरपा नंबरही होता. तो कागद घेऊन आम्ही एका चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने मामांचा चष्मा हातात घेतला, उजेडाकडे धरून फिरवला आणि हसून म्हणाला, "मावशी, चष्मा काकांचा आणि डोळे तुमचे. एका बैलाच्या मापाचा नाल दुसऱ्याच्या खुराला बसतो का?"

शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला ही गोष्ट लगेच पटली. पण ती म्हणाली, "फ्रेम हीच ठेव. दुसरी नको." मग त्या माणसाने बाही मागे सारली आणि आमच्यासमोरच काम सुरू केले. त्या दिवशी जे पाहिले ते तुम्हाला सांगायचे आहे.

चाळिशी म्हणजे काय?

आपल्या मराठीत चष्म्याला "चाळिशी" असाही शब्द आहे. माणसाला चाळीस वर्षे झाली की जवळचे दिसेनासे होते, म्हणून त्या वयात लागणाऱ्या भिंगाचे नावच चाळिशी पडले. "चष्मा" हा शब्द फारसी "चश्म", म्हणजे डोळा, यावरून आला.

आपल्या डोळ्याच्या आत निसर्गाने एक भिंग बसवले आहे. लहानपणी ते कोवळ्या फांदीसारखे लवचिक असते. जवळचे पाहायचे असेल तेव्हा ते फुगते, लांबचे पाहताना चपटे होते. वयाबरोबर ते निबर होत जाते आणि चाळिशीच्या आसपास जवळच्यासाठी पुरेसे फुगेनासे होते. मग लांबचा डोंगर स्वच्छ दिसतो आणि हातातली सुई दिसत नाही. "दुरून डोंगर साजरे" ते असे! हा रोग नव्हे. केस पिकावेत तसेच हेही घडते, राजाला घडते आणि रंकालाही. डोळ्यातले भिंग जेवढे कमी फुगते, तेवढी भर बाहेरच्या भिंगाने घालायची, हाच चष्म्याचा सगळा हिशोब.

"नंबर" म्हणजे काय तेही समजून घ्या. जवळच्या चष्म्याचे भिंग उन्हात धरले तर जमिनीवर उन्हाचा ठिपका पडतो. भिंग वरखाली करून ठिपका लहानात लहान करा. भिंगापासून जमीन १ मीटरवर असेल तर नंबर अधिक १, अर्ध्या मीटरवर असेल तर अधिक २, आणि ४० सेंटिमीटरवर असेल तर अधिक अडीच. (वाळला पाला-गवत जवळ नको, ठिणगी पडेल, आणि भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका.) ठिपका गोल न पडता रेघेसारखा लांबट पडला, तर त्या भिंगात तिरपा नंबर आहे. उणे नंबरच्या भिंगाने ठिपका पडतच नाही.

काच घासणे

चष्मा इटलीत १२८६ च्या सुमारास प्रथम तयार झाला. फ्लॉरेन्समध्ये १३०६ साली एका धर्मोपदेशकाने प्रवचनात सांगितले होते, की ही विद्या सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. त्या काळापासून काच घासण्याची रीत मूळची तीच राहिली. काचेची चकती लोखंडी साच्यावर घासायची. साच्याला जेवढा बाक, तेवढाच काचेला येतो. घासायला कुरुंदाची पूड आणि पाणी, आधी जाड पूड आणि मग बारीक. शेवटी लोकरीच्या गादीवर गेरूसारख्या तांबड्या लोहाच्या पुडीने चमक आणायची. आज बहुतेक भिंगे प्लॅस्टिकची असतात. हलकी, आणि पडली तरी सहसा फुटत नाहीत. ती मोठ्या कारखान्यांतून गोल चकतीच्या रूपात येतात. पण ही गोल चकती म्हणजे चष्मा नव्हे. ती तुमच्या डोळ्यांच्या आणि फ्रेमच्या मापात बसवणे, हे हाताचे काम.

चष्मेवाल्याने आधी आत्याला समोर बसवले, तिच्या कपाळाशी पोलादी पट्टी धरली आणि एकेका बुबुळाच्या मध्यातले अंतर मोजले. हे अंतर माणसागणिक वेगळे असते. मोठ्या माणसांत ते बहुधा ६० ते ६६ मिलिमीटरच्या आसपास असते, कोणाचे त्याहून कमी, कोणाचे जास्त. जवळचे पाहताना दोन्ही डोळे आत वळतात, म्हणून जवळच्या चष्म्यासाठी ते तीनेक मिलिमीटरने कमी धरतात. भिंगाचा मध्य बुबुळासमोर आला पाहिजे. तो सरकला तर दोन डोळ्यांना दोन दिशांना ओढ लागते आणि डोके दुखते. एका जुवातले दोन बैल दोन बाजूंना ओढू लागले तर नांगर कसा चालेल? नंबर जितका मोठा, तितकी ही चूक अधिक जाचते.

मामांचा चेहरा रुंद, आत्याचा अरुंद. म्हणून त्याने भिंगांचे मध्य आत नाकाच्या बाजूला सरकवून घेतले, आणि त्या खुणेप्रमाणे चकत्यांवर शाईचे तीन तीन ठिपके मारले. मग फ्रेमच्या भोकाचा साचा जाड कागदावर काढून कापला, तो चकतीवर ठेवून रेघ ओढली, आणि जास्तीचा भाग पकडीने थोडा थोडा काढला.

पुढे आले साणेचे काम. पाणी गळणाऱ्या फिरत्या दगडावर भिंगाची कड त्याने टेकवली. दोन्ही हातांच्या बोटांनी भिंग सारखे फिरवत राहायचे, कुठे थांबायचे नाही. थांबले की तिथे खळगा पडला. कडेला दोन बाजूंनी उतार देऊन मध्ये घराच्या आढ्यासारखी धार ठेवली, कारण फ्रेमच्या आत खाच असते आणि ती धार त्या खाचेत बसते. दहा वेळा फ्रेमला लावून पाहिले, दहा वेळा पुन्हा घासले. "जास्त घासलं तर गेलं," तो म्हणाला. "कमी राहिलं तर पुन्हा घासता येतं." सुताराला आणि लोहाराला हा नियम ठाऊक आहेच.

फ्रेम कापसाची!

मामांची फ्रेम ज्या पत्र्यासारख्या मालाची होती, तो कशाचा असतो, ठाऊक आहे? त्याला ॲसिटेट म्हणतात. सरकीवर रुई काढल्यानंतरही जे आखूड तंतू चिकटून राहतात, त्यांवर किंवा लाकडाच्या लगद्यावर रासायनिक क्रिया करून तो तयार करतात. म्हणजे विदर्भ-खानदेशाच्या शेतात पिकणाऱ्या कापसाचा नातेवाईकच तुमच्या नाकावर बसलेला असतो!

हाताने फ्रेम घडवणारे कारागीर या मालाचा तक्ता घेतात. त्यावर आकार काढतात, भोक पाडून त्यातून केसासारख्या पात्याची करवत ओवतात, आधी डोळ्यांची भोके कापतात आणि मग बाहेरची रेघ. नंतर कानशीने कडा गोल करतात, आतून भिंगाची खाच पाडतात, नाकाचा भाग त्या माणसाच्या नाकाच्या उतारासारखा घासतात. काडीत तार असते, म्हणून ती वाकवली की तशीच राहते. बिजागऱ्या बसवल्या, पॉलिश झाले, की चष्मा तयार. काही कारागीर म्हशीच्या शिंगाचीही फ्रेम करतात.

आत्यासाठी नवी फ्रेम करायची नव्हती, जुनीच बसवायची होती. तिचे नाक मामांपेक्षा बारीक, म्हणून चष्मा घसरायचा. चष्मेवाल्याने त्याच मालाचे दोन बारके तुकडे घेतले, द्रवाने नरम करून नाकाच्या दोन्ही अंगांना चिकटवले, वाळू दिले आणि कानशीने तिच्या नाकाच्या उताराबरहुकूम घासले. मग तापलेल्या वाळूच्या भांड्यात फ्रेम क्षणभर खुपसली, नरम होताच भिंग आत दाबले आणि थंड पाण्यात बुडवले. फ्रेमने भिंग घट्ट धरले. काड्या मामांच्या कानांच्या मापाने वळवलेल्या होत्या. त्या तापवून सरळ केल्या आणि आत्याच्या कानामागे नेमक्या जागी पुन्हा वळवल्या. तिचा एक कान किंचित खाली आहे. आम्हाला कधी दिसले नव्हते, त्याला दिसले. त्या बाजूची काडी त्याने तेवढी खाली घेतली. मामांच्या जुन्या काचा त्याने कागदात गुंडाळून आत्याच्या हातात दिल्या. तिने त्या पदराच्या टोकाला बांधल्या.

एका माणसासाठी एक भिंग

तिरप्या नंबराची गोष्ट मुद्दाम सांगतो. इंग्लंडात जॉर्ज एअरी नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांच्या डाव्या डोळ्याला बिंदू हा बिंदू दिसत नसे, रेघेसारखा दिसे. १८२५ च्या सुमारास त्यांनी स्वतःच मोजमाप करून हिशोब मांडला आणि इप्सविच गावच्या फुलर नावाच्या चष्मेवाल्याकडून एका दिशेला जास्त बाक असलेले भिंग घासून घेतले. ते भिंग त्यांच्या त्या एका डोळ्यासाठीच होते. तेच आजच्या तिरप्या नंबराच्या भिंगाचे मूळ. असे भिंग फ्रेममध्ये बसवताना नेमक्या कोनात बसावे लागते. ते ३० अंश फिरले तर उपयोग शून्य, त्याहून जास्त फिरले तर चष्म्याशिवाय बरे अशी गत होते. म्हणून दुसऱ्याचा तिरपा नंबर आपल्याला चालत नाही, मग तो नवऱ्याचा असो की सासऱ्याचा.

बाजारात तयार चष्मे मिळतात त्यांचे काय? सरळ सांगायचे तर, दोन्ही डोळ्यांचा जवळचा नंबर सारखा असेल आणि तिरपा नंबर नसेल, तर तयार चष्म्यावर भागते. काहीच नसण्यापेक्षा तो बरा. चुकीच्या नंबराने मोठ्या माणसाचा डोळा बिघडत नाही, पण डोके दुखते आणि काम नीट होत नाही. आत्यासारखे दोन डोळ्यांचे दोन नंबर असतील तर मात्र मापाचाच चष्मा हवा. आणि तयार चष्मा घ्यायचा असला तरी डोळे एकदा तपासूनच घ्या. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने होणारी इजा ही दुखणी चष्म्याने बरी होत नाहीत, आणि काचबिंदू तर न दुखता नजर खातो.

जर्मनीतले एक शिक्षक मार्टिन आउफमुथ यांनी २०१२ मध्ये हाताने चालवायचे छोटे यंत्र पुढे आणले. विजेशिवाय त्यावर स्प्रिंगची पोलादी तार वाकवून चष्म्याची चौकट करता येते, आणि कच्च्या मालाला साधारण एक डॉलर लागतो. गरीब मुलखातल्या गावांमध्ये लोक ती शिकले आणि जागेवर चष्मे करू लागले. म्हणजे मापाचा चष्मा ही श्रीमंताची चैन नव्हे.

डोळा आणि कमाई

चष्म्याला खर्च कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी हे ऐकावे. आसामात चहाची पाने खुडणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे चष्मे देऊन पाहिले. ज्यांना चष्मा मिळाला त्यांची रोजची तोडणी, न मिळालेल्यांच्या मानाने, सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. पन्नाशीपुढच्यांत ही वाढ सुमारे ३२ टक्के होती. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बांगलादेशातल्या गावांत असाच प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२४ मध्ये आला. चष्मा मिळालेल्यांची कमाई आठ महिन्यांत ३३ टक्क्यांनी जास्त भरली.

आपल्या घरातच पाहा. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे आणि मात्रा वाचता आली नाही तर अंदाजाने फवारणी होते. पीक जळते किंवा फवारणारा आजारी पडतो. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग लांबूनही दिसतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पण किती पाण्याला किती औषध, हे वाचायला जवळची नजरच लागते. बियाणे निवडणे, जनावराच्या अंगावरची गोचीड शोधणे, सातबारा वाचून मग अंगठा किंवा सही करणे, ही सगळी चाळिशीची कामे. भिवंडीच्या मागावर तुटलेला धागा सांधणाऱ्याला विचारा, किंवा गोदामात खोक्यावरची चिठ्ठी वाचणाऱ्याला विचारा.

मुलांच्या बाबतीत तर अधिक जपावे. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून पोर मागे पडते आणि आपण त्याला "ढ" म्हणतो. सात-आठ वर्षांच्या आत डोळ्याचा दोष सुधारला नाही तर तो डोळा आळशी होऊ शकतो, आणि मग पुढे चष्म्यानेही पूर्ण दिसत नाही. मुलगा पुस्तक नाकाशी धरत असेल, डोळे बारीक करून पाहत असेल, तर थांबू नका.

चष्मा घेताना

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत डोळे तपासण्याची सोय असते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे, त्यात गरजू शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये ६५ वर्षांवरील गरजू वृद्धांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, तीत चष्म्यासारख्या साधनांसाठी ३ हजार रुपयांचे साहाय्य ठरवले. सध्या अर्ज घेतात की नाही, याची चौकशी तालुक्याला करा.

नंबराचा कागद स्वतःजवळ ठेवा. चष्मेवाल्याला बुबुळांतले अंतर मोजायला सांगा. न मोजता चष्मा देणारा तुमचे माप घेत नाही, फक्त माल विकतो. चष्मा मिळाल्यावर तिथेच खाली वाकून पाहा, घसरता कामा नये. कानामागे टोचता कामा नये. मापे मिळवून पाहायची असतील तर चष्मा हातभर लांब धरून दाराच्या चौकटीकडे पाहा आणि डावी-उजवीकडे हलवा. जवळच्या चष्म्यात चौकट उलट दिशेला सरकते, लांबचे न दिसणाऱ्याच्या उणे चष्म्यात त्याच दिशेला. भिंग गोल फिरवल्यावर चौकट तिरकी होत असेल तर तिरपा नंबर आहे. काच कोरड्या पदराने पुसू नका, धुळीचे कण ओरखडे पाडतात. पाण्याने धुऊन मग मऊ कापडाने पुसा.

आज शहरांत यंत्रे आली आहेत. फ्रेमचे माप यंत्रच घेते आणि काही मिनिटांत भिंगाची कड घासून देते. काम नेमके होते, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. साणेवर बसणारे हात मात्र कमी होत चालले आहेत. तरी एक गोष्ट राहतेच. आत्याचा एक कान खाली आहे, हे समोर बसून पाहणारा माणूस लागतो. तुमच्या बाजारगावी असा एखादा जुना चष्मेवाला असेल तर त्याच्याकडे जा, आणि त्याच्याकडे शिकायला एखादे हुशार पोर पाठवता आले तर तेही पाहा.

आत्याने चष्मा लावला, चष्मेवाल्याने तिच्यापुढे छापील कागद धरला. तिला वाचता येत नाही. मग त्याने सुई-दोरा दिला. तिने तो पहिल्या खेपेला ओवला, कोणाकडे पाहिले नाही, सुई परत केली आणि म्हणाली, "चला, घरी तांदूळ निवडायचे हायत."

आता तिच्या घरच्या भातात खडा लागत नाही. आणि सूनबाई सुई ओवून घ्यायला तिच्याकडे येते, कारण सूनबाईही आता चाळीसची झाली आहे.